आईच्या कपाळावरचा इसब

खाज म्हणजे हिस्टामिन. हे वाक्य मी आमच्या फार्मसी कॉलेजच्या फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतून उठवलं तरी लिहीन. कुठं काही चावलं, टोचलं की कातडीतल्या काही पेशींमधल्या बारीक पुड्या फुटतात, त्यातून हिस्टामिन सांडतं, शिरा रुंदावतात, जागा लाल होते, फुगते आणि खाजते. गोळी द्या, हिस्टामिनची वाट अडवा, खाज बंद. पोरं लिहून घेतात, परीक्षेत तेच ओततात, मी मार्क देते, सगळे खुश. म्हणून आई माझ्यासमोर बसून पहिल्यांदा कपाळ कराकरा खाजवायला लागली, तेव्हा मी काडीचाही विचार केला नाही. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि म्हटलं, "संध्याकाळी एक घेत जा. चार दिवसांत जाईल."

चार दिवसांत गेलं नाही. चार महिन्यांतही गेलं नाही. फक्त आई संध्याकाळी सातलाच पेंगायला लागली. एक दिवस बाबांचा फोन आला. "तुझ्या गोळीनं हिची खाज काही गेली नाही, माझा सातचा चहा मात्र गेला," म्हणाले.

आई-बाबा तेव्हा आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या शिंदे की छावनीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. माझं घर तिथून स्कूटीनं दहा मिनिटांवर. बाबा बँकेतून निवृत्त झालेले आणि त्यांचं हृदय थकलेलं. जिना चढताना मधल्या वळणावर ते पाच मिनिटं उभे राहायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, हवा घेतोय. आई सत्तरीला टेकलेली, उभ्यानं शंभर पोळ्या लाटेल अशी. तिच्या कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू असायचं. आधी डबीतलं मेण, मग त्यावर टोपी बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून कागदाच्या पुडीत आणलेलं पिंजर, अनामिकेनं गोल फिरवून. टिकलीचा तिला भारी तिटकारा. "चिकटवलेलं सौभाग्य ते. निघालं की आरशावर लावून ठेवायचं, छे!"

त्याच रुपयाएवढ्या जागेवर ते सुरू झालं. आधी लाली, मग बारीक पुरळ, मग कातडी काळपट आणि जाड झाली, तिला भेगा पडल्या आणि भेगांतून पाणी यायला लागलं. आणि माझी आई काय करायची? रोज सकाळी आंघोळ झाली की ते पाणी पदरानं टिपायची आणि त्यावर कुंकू लावायची.

मी तिला ओढत त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. मी रुबाबात सांगितलं की मी फार्माकोलॉजी शिकवते आणि कोणती गोळी किती दिवस दिली. त्यांनी आईचं कपाळ भिंगातून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मैडम, ये हिस्टामिन वाली खुजली है ही नहीं. आप तो पढ़ाती हैं!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी माझंच पुस्तक उघडलं. हिस्टामिनच्या पुढचंच प्रकरण होतं. दरवर्षी वेळ संपत आली की मी पोरांना सांगते, ये वाला खुद पढ़ लेना. मीही ते किती वर्षांत नीट वाचलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्या प्रकरणात सगळं होतं. कुंकवातल्या रंगाचा एखादा सूक्ष्म कण कातडीत उतरतो आणि तिथल्या प्रथिनाला चिकटतो. कातडीतल्या पहाऱ्यावरच्या पेशी त्याला उचलून जवळच्या लसिकाग्रंथीपर्यंत नेतात. तिथं टी पेशी त्याला पाहून ठेवतात आणि शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. त्यानंतर तो कण पुन्हा आला की त्या पेशी लगेच नाही, दीड-दोन दिवसांनी तिथं जमतात आणि सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप सोडायला लागतात. एक निरोप शिरांना सांगतो, रुंद व्हा. दुसरा आणखी पेशींना बोलावून आणतो. कातडीच्या पेशी भडकतात आणि त्याही आपले निरोप सोडतात. इंटरल्यूकिन नावाचा एक निरोप तर थेट मज्जातंतूला जाऊन सांगतो, खाजव. गल्लीत एका बाईनं दुसरीला काही सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली पेटली, तसलाच कारभार. यात हिस्टामिन असलंच तर कुठंतरी कोपऱ्यात. मी चार महिने भलत्याच दाराला कुलूप लावत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी आईला हे सगळं समजावलं. पेशी, निरोप, सगळं. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पंचेचाळीस वर्षं लावतेय मी. तेव्हा नाही झालं ते आता कसं होईल?"

"अगं, असंच असतं ते. शरीराला ओळख पटायला कधी कधी वर्षं लागतात."

"पंचेचाळीस वर्षं? एवढा वेळ तर मला तुझ्या बाबांची ओळख पटायलाही लागला नाही."

आतल्या खोलीतून बाबा हसले आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. आईचा हात भाजीवर थांबला. खोकला थांबेपर्यंत ती आतल्या दाराकडे बघत राहिली. मग मला हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, मला तू काही सांगू नकोस. ते आहेत ना अजून? मग कपाळ कोरं कशाला ठेवू?"

तिथून पुढं आमची लढाई तीन वर्षं चालली. माझं म्हणणं एवढंच की कुंकू बंद कर. तिचं म्हणणं एवढंच की ते आहेत तोवर नाही. आणि बाबांचं हृदय दर तपासणीला आणखी थोडं थकलेलं निघत होतं, त्यामुळे तिची मूठ आणखीच घट्ट होत होती. मला राग यायचा. एवढी हुशार बाई, घरातले सगळे फॉर्म भरते, विजेच्या ऑफिसात जाऊन भांडून येते, आणि इथं आली की पालथ्या घड्यावर पाणी!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी नेमकं कशाचं वावडं आहे ते शोधू. पाठीवर पट्ट्या चिकटवायच्या, प्रत्येक पट्टीखाली थोडं थोडं काहीतरी. आईच्या करंड्यातलं कुंकू, दुकानातलं दुसरं कुंकू, हळद, मेण, टिकलीचा गोंद. दोन दिवस पट्ट्या तशाच ठेवायच्या, पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, मग उघडून बघायचं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, वाईट रंग सापडेल, चांगलं कुंकू सापडेल, भांडण मिटेल. सोमवारी पट्ट्या लावल्या. बुधवारी गेलो तर पट्ट्या अर्ध्या सुटून लोंबत होत्या आणि पेनानं केलेल्या खुणा पुसट झालेल्या.

"पानी डाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कल चतुर्थी थी," आई म्हणाली. "बिना नहाए गणपति को कैसे हाथ लगाऊँ? थोड़ा ही डाला."

थोडं! दोन तांबे डोक्यावरून! मी दवाखान्यातच कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. महिन्याभरानं आम्ही सगळं पुन्हा केलं. या वेळी बाबांनी दोन दिवस न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचला आणि देवाची पूजा स्वतः केली. पट्ट्या कोरड्या राहिल्या. निकाल लागला तो असा, की लाल रंगाचं वावडं, हळदीचंही वावडं आणि टिकलीच्या गोंदाचंही. फक्त मेण तेवढं निर्दोष.

"मग नुसतं मेण लावू का?" आई म्हणाली. बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला हसू आलं नाही. सगळे रस्ते बंद झाले होते. गंध लाव म्हटलं तर म्हणे, ते पुरुषांनी लावायचं. नुसत्या मंगळसूत्रावर भागव म्हटलं तर म्हणे, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत असतं, कोण बघतंय? मग तिनं स्वतःच एक शोध लावला. आमच्या आजूबाजूला सगळी हिंदी घरं, त्या बायका भांगात सिंदूर भरतात. आईनं कपाळ सोडलं आणि कुंकू भांगात भरलं. मला तिसऱ्या दिवशी दाखवलं, मोठ्या ऐटीत, "बघ, तुझंही राहिलं आणि माझंही." आठवड्यानं तिचा भांग लाल होऊन सुजला आणि केसांत खपल्या धरल्या. आगीतून फुफाट्यात.

याच सुमारास एकदा गेले तर आईचं कपाळ चक्क स्वच्छ. कुंकू आहे, आणि खाली खपली नाही, पाणी नाही. मी खुश. माझी मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, आजीच्या कपाळाला बोट लावून म्हणाली, "आजी, आपका माथा तो एकदम चमक रहा है!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नको तितकं चमकत होतं. कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ झाली होती आणि तिच्यातून बारीक लाल शिरा दिसत होत्या.

"काय लावतेस?"

"काही नाही."

"आई!"

देव्हाऱ्यामागून ट्यूब निघाली. नई सडकेवरच्या एका मेडिकलमधून आणलेली. दुकानदाराला म्हणाली होती, भैया, खुजली की ट्यूब देना, त्यानं दिली. त्या एका ट्यूबमध्ये तीन औषधं कोंबलेली आणि त्यातलं एक जोरदार स्टेरॉइड. ते सगळ्या रासायनिक निरोपांची तोंडं एकदम दाबतं, म्हणून चार दिवसांत जादू होते. पण रोज लावलं तर कातडीच झिजते, आणि थांबवलं की दाबलेलं सगळं दुपटीनं वर येतं. हे मी शिकवते! पगार घेते त्याचा! आणि माझ्या आईनं सहा आठवडे ते दिवसातून दोनदा चोळलं.

"तुझ्या डॉक्टरणीपेक्षा दुकानदार बरा," ती म्हणाली. मी ट्यूब खिडकीतून खाली फेकली. ती ट्यूब नेमकी शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडली, त्यावरून मला आणखी ऐकून घ्यावं लागलं. आणि पाच दिवसांनी आईचं कपाळ असं सुजलं की डोळे अर्धेच उघडत होते.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी एक सौम्य मलम दिलं, अगदी मोजून लावायचं. ते काम बाबांनी घेतलं. दुपारी जेवण झालं की ते चष्मा लावून बसायचे, बोटाच्या पेराएवढं मलम काढायचे आणि कुंकवाच्या कडेनं लावायचे. बोट थरथरायचं. "हलू नकोस गं, रेघ बाहेर जातेय," म्हणायचे. एकदा माझ्यासमोरच म्हणाले, "अगं, पूस ते एकदाचं. मी काही तुझ्या कुंकवावर जगत नाही, मी गोळ्यांवर जगतोय."

"गोळ्या तुमच्या. कुंकू माझं," आई म्हणाली आणि कपाळ पुढं केलं.

आता जे सांगायचंय ते सांगताना अजून माझा माझ्यावरच संताप होतो. मी ठरवलं होतं की एकदा तरी तिला पंधरा दिवस कुंकवाशिवाय ठेवायचं. कपाळ बरं झालेलं डोळ्यांनी पाहिलं की ती आपोआप ऐकेल. पंधरा दिवस निवडले तेही मोठ्या हुशारीनं, पितृपक्षाचे. त्या दिवसांत कुठं हळदीकुंकू नसतं, कुणाकडे जाणं-येणं नसतं, कुणी कपाळाकडे बघणार नाही. मी रडले, भांडले, इथं पायच ठेवणार नाही अशी धमकी दिली. बाबांनी माझी बाजू घेतली. आईनं शेवटी करंडा कपाटात ठेवला.

मी फार्माकोलॉजी शिकवते, पंचांग बघत नाही. त्याच पंधरवड्यात अविधवा नवमी येते हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात आणि जेवायला सवाष्ण बोलावतात. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंची नवमी असायची, आणि त्यांच्याकडे दरवर्षीची सवाष्ण म्हणजे माझी आई. काकू बोलवायला आल्या. आई दार अर्धं लावून उभी राहिली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. "बरं नाही मला," म्हणाली. काकूंनी ताट घरी पाठवलं. आईनं तेही परत पाठवलं. कोऱ्या कपाळानं सवाष्णीचं जेवण कसं जेवू, हा तिचा हिशोब. मला हे तिनं सांगितलंही नाही.

बाराव्या दिवशी बाबांना धाप लागली. ओठ निळे पडले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं आणि आयसीयूत ठेवलं. मी कागद भरत होते, आई बाकावर बसली होती. तिचं कपाळ खरंच बरं झालं होतं. पुरळ नाही, पाणी नाही, थोडा काळपटपणा तेवढा उरलेला. माझा प्रयोग शंभर टक्के यशस्वी! मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बारा दिवस झाले." काकू तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, "सवाष्णीचं ताट परत करू नये गं."

मला ओरडावंसं वाटलं की हृदय बंद पडत चाललेल्या माणसाला धाप लागते, त्याला ताट कारण नसतं! फुप्फुसांत पाणी भरलंय, त्याचं ताटाशी काय देणंघेणं? ओरडले नाही. आईनं पर्स उघडली, करंडा काढला. म्हणजे तो कपाटातून केव्हाच पर्समध्ये आला होता. आरसा नव्हता. तिनं अंदाजानं कुंकू लावलं, जरा वाकडं. आठ दिवसांनी बाबा घरी आले. त्यानंतर कुंकू बंद कर हे शब्द मी कोणत्या तोंडानं काढणार होते?

बाबा आणखी सव्वा वर्ष जगले. मलम दुपारचं चालू राहिलं. त्या चैत्रातही हळदीकुंकवांना आई दरवर्षीसारखी सगळीकडे गेली, दहा घरच्या बायकांनी कपाळभर कुंकू थापलं आणि तिसऱ्या दिवशी, अगदी घड्याळ लावल्यासारखं, कपाळ फुटलं. मी गप्प बसायला शिकले. गप्प म्हणजे आतल्या आत धुमसत.

ते गेले मार्गशीर्षात. धुकं इतकं होतं की गाडी गल्लीत शिरायला वेळ लागला. आईला बायकांनी मधे बसवलं. काकूंनी ओलं फडकं आणलं आणि कपाळावरून जोरात फिरवलं. आई "आई गं!" करून कळवळली. बायका रडायला लागल्या, त्यांना वाटलं तिचं दुःख फुटलं. पण मला माहीत होतं, फडक्याखाली कातडी उघडी होती.

"काकू, हळू पुसा," मी म्हटलं.

"आता कसलं हळू, बाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा एकदा पुसलं.

तेराव्यापर्यंत खपल्या गळल्या. दीड महिन्यात कपाळ साफ झालं. मी तिला तपासणीला घेऊन गेले, कारण घेऊन जाण्याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना काही ठाऊक नव्हतं. त्या खुश होऊन म्हणाल्या, "देखा अम्मा? मैं तीन साल से कह रही थी. छोड़ दिया तो ठीक हो गया ना! इतने दिन क्यों लगाए?"

आई म्हणाली, "हाँ बेटा, अब नहीं लगाती."

मी भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडे बघत राहिले. तीन वर्षं मला जे हवं होतं तेच झालं होतं. तसंच्या तसं.

त्या वर्षी मी ते प्रकरण पोरांवर सोडलं नाही, वर्गात नीट शिकवलं. एका मुलीनं विचारलं, मैम, एलर्जी वाली चीज़ हटा दें तो टी सेल भूल जाते हैं क्या? मी म्हटलं, नाही, त्यातल्या काही राहतात. वर्षानुवर्षं त्याच जागी कातडीत बसून राहतात. खूण दिसत नाही एवढंच. पुढच्या बाकावरच्यानं विचारलं, हे परीक्षेला येईल का. येईल, म्हटलं.

वर्षश्राद्ध झालं आणि महिन्यानं संक्रांत आली. मी माझ्या घरी हळदीकुंकू ठेवलं. ठेवू नये असं वाटत होतं, पण आईच मागं लागली. "माझ्यापायी तुझं थांबवू नकोस," म्हणाली आणि सकाळपासून येऊन स्वयंपाकघरात बसली. तिळाचे लाडू वळले, तिळगुळाची कुरकुरीत गजक फोडून वाट्यांत भरली. कपाळ स्वच्छ, बाकी सगळं पूर्वीसारखं. बायका आल्या. काकू आल्या. माझी मुलगी, आता पंधराची, हळदीकुंकवाचं तबक घेऊन एकेकीपुढं जात होती. आई वाट्या घेऊन बाहेर आली तशी मुलगी तबक घेऊन तिच्याकडेही वळली. काकूंनी डोळ्यांनी दटावलं. पोरीला कळेना.

"आजीला नहीं लगाना? क्यों, एलर्जी है इसलिए?"

मग काकू म्हणाल्या, "हो गं, एलर्जीच आहे तिला."

आई हसली. खरंच हसली, वाट्या खाली ठेवल्या आणि आत गेली. कुणीतरी थंडीचा विषय काढला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं एलर्जी एलर्जी म्हणून मी घसा कोरडा केला तेव्हा याच बाईनं दर चैत्रात त्या जखमेवर मूठभर कुंकू थापलं होतं! आणि आज हिला एलर्जी सुचते?

मी मुलीच्या हातून तबक घेतलं, स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटलं. आई ओट्याशी उभी राहून रिकामे डबे पुसत होती.

"कपाळ पुढं कर," मी म्हटलं.

ती तबकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "तू? तू लावणार?"

"हो."

"उठेल गं."

"उठू दे."

"वेडी आहेस का? बाहेर बायका बसल्यात."

"बसू देत. त्यांचं तिथं, आपलं इथं."

मला वाटलं नाही म्हणेल. तिनं डबा ठेवला, पदरानं कपाळ पुसलं, जसं पूर्वी पाणी टिपायची तसं, आणि मान थोडी खाली केली. मी अनामिकेनं लावलं, रुपयाएवढं नाही, डाळीएवढं. ती हलली नाही. मग शाल डोक्यावरून पुढं ओढून मागच्या दारानं रिक्षात बसली. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले, ती एवढंच म्हणाली की गजक मऊ पडेल, डब्यात भर.

दोन दिवस मी तिला फोन केला नाही. मला माहीत होतं काय होणार आणि कधी होणार. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच आला.

"आलं बघ," ती म्हणाली.

"लाल झालंय?"

"लाल झालंय, खाजतंयही. तिथंच. अगदी त्याच जागी." तिचा आवाज बऱ्याच दिवसांत असा ऐकला नव्हता.

"आई, मलम कपाटात आहे, बाबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी. पेराएवढं घे आणि कडेनं लाव. आत्ता लाव."

"लावीन."

"लावीन नाही, आत्ता लाव. खाजवू नकोस."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"उद्या लावते," ती म्हणाली. "आजच्या दिवस राहू दे."